बेकरीचा केक

अर्पिताच्या दहाव्या वाढदिवसासाठी कुमुदनं ऑफिसातून हाफ डे घेतला. दिल्लीहून बसमध्ये उभ्यानंच ती गाझियाबादच्या नव्या फ्लॅटवर पोचली आणि घोटभर पाणी पिऊन लगेच केक करायला लागली. तो भाजत असतानाच लाइट गेली. लाइट आल्यावर मधेच बसलेला केक टाकून तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

संध्याकाळी लेकीच्या मैत्रिणी जमल्या. पहिला घास खाताच एकीनं विचारलं, "आंटी, ये कौनसी बेकरी का है?"

"दिल्ली से मंगवाया है," कुमुदच्या आधी अर्पिताच घाईघाईनं बोलली आणि मग तिनं भीत भीत आईकडे पाहिलं.



कुमुदनं त्या मैत्रिणीच्या प्लेटमध्ये आणखी एक तुकडा ठेवला. "हां बेटा, घर में बनाने का टाइम किसके पास है?"