उतारापुरती सोबत

डोंगरावरच्या सड्याच्या टोकावर परेशने गाडी थांबवली. आणखी सहा किलोमीटर जाईल, असं गाडीतला पडदा सांगत होता. मांद्रे आठ किलोमीटरवर होतं, आणि तिथे परेशचाच साखरपुडा होता. मुहूर्त चुकवायचा नाही, असं मुलीच्या बापाने दोनदा बजावलं होतं. रात्री गाडी चार्जिंगला दुसऱ्याने लावली असेल, असं बापलेक दोघांनाही वाटलं होतं.

"पुढे उतार आहे. न्यूट्रल कर," शिवदास म्हणाले. खाणीवरचा ट्रक त्यांनी जन्मभर तसाच उतरवला होता.

"बाबा, ही बॅटरीची गाडी. न्यूट्रल केली तर काही मिळत नाही. गियरमध्ये ठेवून नुसता पाय काढायचा. मग चाकं मोटर फिरवतात आणि मोटर बॅटरी भरते."

"फुकट?"

"फुकट."

शिवदासांनी विचार केला. "भरलेला ट्रक उतारावर जास्त ओढायचा. म्हणजे वजन जास्त तर वीज जास्त?"

"तशी जास्त. पण बाबा..."

शिवदास तोवर खाली उतरले होते.

थांब्यावर तीन बायका बाजाराच्या बसची वाट बघत होत्या. दोघींजवळ फणस, तिसरीच्या टोपलीत अबोलीच्या फाती, वेण्यांसारख्या गुंफलेल्या. ती तिसरी, कमलाक्षी, अंगाने चांगली ऐसपैस होती. शिवदासांनी पहिला नमस्कार तिला केला.

"वयनी, बसा. उतारापुरता सोडतंय."

"उताराक गाडी आणि सपाटीर पाय? वेड लागला काय तुमका?"

पण बसचा पत्ता नव्हता. तिघी मागे बसल्या. फणस शिवदासांनी स्वतः उचलून ठेवले, तेही मोठे आधी.

परेशने पाय काढला. मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी सावकाश उतरू लागली. पडद्यावर सहाचे सात झाले. शिवदासांनी टाळी वाजवली.

"एवढे नटान खय चल्ल्यात?" कमलाक्षीने विचारलं.

"झिलाचो साखरपुडो."

"मगे बायलमाणसा खय?"

शिवदास काचेबाहेर बघू लागले. "ह्याची आई गणपतीच्या चवथीआधी वारली. भयण माझी रुसून बसली असा."

"न्हवरेची ओटी कोण भरतला? तुमी?"

"नारळ आणलाय," शिवदास म्हणाले.

कमलाक्षीने टोपली मांडीवर ओढून घेतली.

उतार संपला तेव्हा पडद्यावर नऊ होते, मांद्रे अजून सहा किलोमीटर होतं. परेशने गाडी कडेला घेतली. शिवदासांनी खाली उतरून मागचं दार उघडलं.

"वयनी, आता उतरा."

"दार लावा," कमलाक्षी म्हणाली.

"वयनी, सपाटीवर एवढ्या ओझ्याने नऊचे पाच होतील. गाडी पोचणार नाही."

"मगे फणस उतरवया."

फणसवाल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग एकीने पहिला फणस रस्त्याकडेच्या सोडावाल्याच्या बाकड्यावर ठेवला आणि त्याला दम दिला, "वास घेव नको, मोजलेले असत."

परेशने एसी बंद केला. मांद्र्याला मांडव दिसला तेव्हा पडद्यावर एक उरला होता. शिवदासांचं धोतर घामाने मांड्यांना चिकटलं होतं. मागे तिघींनी टोपलीतल्या अबोलीच्या फाती काढून एकमेकींच्या केसांत माळल्या होत्या आणि पदर नीट केले होते.

मुलीची आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. गाडीतून तीन बायका उतरलेल्या बघून तिचा चेहरा सैल झाला.

"नवऱ्याकडच्या?"

"मी मावशी," कमलाक्षी म्हणाली. "ह्यो माज्या भयणी."

तिने पायांवर पाणी घेतलं, शिवदासांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि उंबरठ्यावर एक पाय ठेवून मागे त्यांच्याकडे वाकली.

"भाऊ," तिने हळूच विचारलं, "न्हवऱ्याचा नाव काय?"