पदरावरचा शिक्का

साहेबांच्या वखारीचा गुमास्ता ढाक्याजवळच्या आमच्या विणकरवाडीत यायचा आणि मागावरच्या अर्धवट कापडावरच शिक्का मारून जायचा. शिक्का पडला की कापड वखारीचं.

नेमाई बसाक या विणकरानं लेकीच्या लग्नाची साडी मात्र गोठ्यात लपून विणली.

हळदीच्या सकाळी बायकोनं घडी उलगडली. “अहो, पदरावर शिक्का आहे!”

“खुळी का काय तू? गुमास्त्याच्या बापालाही या साडीचा पत्ता नाही.”

पण शिक्का होता. तिनं पदर तळ्यावर नेऊन धुतला, घासला, पुन्हा घासला. अखेर तो कोरा झाला.

“गेला हो!” म्हणत ती अंगणात धावली. तिथं बायका लेकीला हळद लावत होत्या. गाणी थांबली होती.

“आई,” लेक म्हणाली, “हळद लावायचं सोडून मावशी माझी पाठ का घासतेय?”