जयंतीचं जेवण

मार्चच्या उन्हानं कोलोराडोतल्या त्या डोंगरावरचा बर्फ भुसभुशीत झाला होता. हिमस्खलनाचा अंदाज देणं हेच संघमित्राचं काम. तिनं सकाळीच पायथ्याची गल्ली रिकामी करायला सांगितलं. पण मागे दोनदा तिचा अंदाज चुकला होता, म्हणून कुणी जागचं हलेना. "कसं हलवू गं यांना?" नागपूरहून आलेल्या आईपाशी कुरकुरून ती डोंगरावर नजर ठेवायला गेली.

दुपारी वर बर्फाला लांबलचक भेग पडली. ती धावत खाली आली, दारं बडवत सुटली. एकही दार उघडलं नाही. शेवटी तिला जीव वाचवायला बाजूला पळावं लागलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत तीन घरं बर्फाखाली गेली.

मदत मागायला ती रडतच डोंगरापासून लांब असलेल्या शाळेच्या हॉलमध्ये शिरली. आत अख्खी गल्ली खीर-पुरीवर ताव मारत होती.

"हॅपी जयंती!" शेजारचा डग ओरडला.

तिनं एकेक चेहरा पाहिला. सगळे होते. ती मटकन खुर्चीत बसली.

"आई, जयंती चौदा एप्रिलला असते!"

"तू निघा म्हणालीस, कुणी निघालं नाही. मी जेवायला या म्हटलं." आईनं वाटी पुढे सरकवली. "बाबासाहेब समजून घेतील. तू खीर घे."