खिंडीतला आवाज

"पुढे डोंगर! पुढे डोंगर!" विमानाच्या धोका सांगणाऱ्या यंत्रातली बाई ओरडायला लागली, आणि सहवैमानिक जोलीनचा हात सवयीने बटणाकडे गेला.

अलास्काच्या या किनाऱ्यावर खिंडीतून उतरताना त्या बाईचं तोंड बंद करायचं, ही रीतच पडून गेलेली. इथे जिकडे बघावं तिकडे डोंगर. तिचं ऐकत बसलं तर विमान कधी उतरायचंच नाही. जोलीनला ही रीत शिकवली होती ती शेजारी बसून विमान चालवणाऱ्या म्हाताऱ्या वर्न डेमर्टनेच.

"राहू दे तिला चालू, पोरी," वर्न म्हणाला. "खिंडीतला खुणेचा धबधबा दिसला तुला?"

"नाही, काका. एव्हाना दिसायला हवा होता." जोलीनने समोरच्या पांढऱ्या ढगात डोळे ताणले. "पण अख्खं गाव धावपट्टीवर येऊन थांबलंय हो! आई सकाळपासून सॅमन भाजतेय. आता परत फिरलो तर या पोरी मला कच्चं खातील."

मागे गावच्या बास्केटबॉल संघाच्या मुली जिंकलेला करंडक बडवत बेंबीच्या देठापासून गात होत्या.

वर्नला एकदम आपल्या स्वयंपाकघराची खिडकी आठवली. खिडकीत विमानाशी बोलायचा गावाचा रेडिओ, आणि रेडिओपाशी पिठाच्या हातांनी उभी असलेली लोर्ना, त्याची बायको. तेव्हा कुठलं आलंय यंत्र! लोर्ना खिडकीतून डोंगराकडे बघायची आणि सांगायची, "डोंगर दिसत नाहीये रे. गुमान वर जा. जेवण काय, उद्याही गरम करता येतं." तो चरफडायचा, पण ऐकायचा. काय दिवस होते ते! लोर्ना गेली, आणि त्यानंतर वर्नने कुणाचंच ऐकलं नव्हतं.

"वर घ्या! वर घ्या!" यंत्रातली बाई पुन्हा ओरडली.

"जातो गं बाई, जातो!" वर्न ओरडला. इंजिनात होता नव्हता तेवढा जोर लावून त्याने विमानाचं नाक वर खेचलं. मुलींचं गाणं तुटलं. ढग क्षणभर फाटला आणि चाकांखालून झाडांचे शेंडे सरकले, इतके जवळून की जोलीनने बसल्या जागी पाय वर घेतले.

वर ऊन होतं. यंत्र गप्प झालं. जोलीनने रेडिओवरून गावाला कळवलं, की आज परत जातोय, सगळ्या सुखरूप आहेत. वर्न मात्र अजून त्या यंत्राकडेच बघत होता.

"काय झालं, काका?"

"काही नाही गं. पुढचं बोलली नाही ती."

"पुढचं काय?"

"वर जा म्हटल्यावर लोर्ना आणखी एक म्हणायची." वर्नने बाहीने डोळे पुसले. "पोचलास की कळव."