झाकलेला गाल

सत्यनारायणाची पूजा आटोपली, तशी बायका नव्या सुनेला म्हणाल्या, "चला, आता नाव घे." मग तिला ऐकू येत नाही हे आठवून सगळ्या ओशाळल्या.

सासूबाई मात्र पदर खोचून सरसावल्या. लग्न ठरल्यापासून त्या मोबाइलवर खुणांची भाषा शिकत होत्या. त्यांनी आधी 'नाव' अशी खूण केली, आणि मग हवेतलं काहीतरी मुठीत धरून ओढावं तशी दुसरी, 'घे'.

सुनेला ती खूण 'हिसकावून घेणे' अशी दिसली. सासरी नाव बदलतात, हे तिला ठाऊक होतं. कागदावरचं खुशाल बदलू देत. पण शाळेतल्या मैत्रिणींनी ठेवलेलं, गालावरच्या खळीला बोट टेकवून हाक मारायचं नावही काढून घेणार? तिने तळहाताने गाल झाकला.

नवऱ्याने हसत हसत बायकोला उखाण्याची रीत हातांनी समजावली, आणि आईला त्या झाकलेल्या गालाचा अर्थ सांगितला.

सासूबाई हसल्या नाहीत. "थांबा गं, आधी मी नाव घेते," असं बायकांना सांगून त्या सुनेसमोर बसल्या, आणि स्वतःच्या सुरकुतलेल्या गालावर त्यांनी हळूच बोट टेकवलं.