गोळ्या बंद

“थुक. आधी थुक म्हणते ना!”

कुशाबाईनं सुनेचा जबडा धरला, बोट घालून जिभेवरची गोळी बाहेर काढली आणि बांधापलीकडं भिरकावली. कांद्याची लागण करणाऱ्या बायका रोपं हातात धरून बघतच राहिल्या. गोळी दिली होती शेजारच्या नकुशीनं. ती बिचारी ओशाळली.

“कंबर धरून बसली हो ती, म्हनून दिली.”

“कंबर धरू दे, न्हाईतर काय बी होऊ दे. गोळी द्यायची न्हाई. आतून सडवत्यात त्या. घरी मशीन हाय की! चल गं परगती, ऊठ. मरू दे कांदा.”

प्रगती उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कमरेपायी नव्हतं. सासू आपल्यासाठी बांधावरून पळत आली, ह्याचं तिला अप्रूप वाटत होतं.

वाटणारच. निमोण्यात नांदायला येऊन सात वर्षं झाली होती. कूस उजवली नाही, एवढाच काय तो गुन्हा, पण कुशाबाईनं तिला कधी धड नावानं हाक मारली नव्हती. “ए” म्हटलं की तिनं ओळखायचं. शेवंतीचा तोडा असो की कांद्याची काढणी, कंबर धरून उभी राहिली की “नाटकं!” एवढंच कानावर यायचं. मग ती मेडिकलमधून गोळ्या आणायची आणि शेंगदाणे खावेत तशा खायची. नवरा सुदर्शन शिक्रापूरच्या कंपनीत. तिथंच खोली करून राहायचा, सुट्टीच्या गुरुवारी घरी यायचा आणि तोंड सुजेपर्यंत झोपायचा. बायकोची कंबर दुखते हे त्याच्या गावीही नव्हतं. गेल्या दिवाळीत तर तिनं पिशवीच भरून ठेवली होती. दौंड तालुक्यात खुटबावला माहेरी जायचं, ते कायमचं.

तेवढ्यात कुशाबाई लेकाचं बीपी दाखवायला त्याच्याबरोबर पुण्याला गेली आणि येताना सुनेसाठी मशीन घेऊन आली.

“गोळीबिळी कायबी लागत न्हाई. करंटानं दुखनं मरतंय,” ती म्हणाली.

मोबाईलएवढा डबा, त्याला वायरी आणि वायरींच्या टोकाला चिकट पट्ट्या. रोज सकाळी कुशाबाई स्वतः सुनेच्या कमरेला पट्ट्या लावी, बटण हळूहळू वाढवी आणि “सोसतंय का?” म्हणून विचारी. कमरेत मुंग्या आल्यासारखं होई आणि दुखणं खरंच मागं सरे. पुरतं जात नसे, पण प्रगती तसं बोलून दाखवत नसे. इतकं कुणी कुणासाठी करतं का?

कुशाबाई तेवढ्यावर थांबली नाही. शिरूरला नेऊन तिचं रक्त तपासून आणलं, सोनोग्राफीही केली. दुखतंय पाठीत आणि डॉक्टर बघतोय पोटावर, ह्याचं प्रगतीला हसू आलं.

“शिरा समद्या तिथनंच निघत्यात,” कुशाबाईनं सांगितलं. हल्ली तिला सगळंच ठाऊक असे.

नकुशीच्या गोळीची बातमी कशी कोण जाणे, खुटबावला पोचली. प्रगतीचा भाऊ चांगदेव मोटारसायकल काढून न्यायला आला.

“चल. आईपाशी पडून ऱ्हा जरा. हितं राबून राबून मरशील.”

“न्हाई येत, दादा. आता कोन राबवतंय मला? आत्या वाफ्यात उतरू बी देत न्हाईत.” सासूला ती आत्या म्हणे. “आईला सांग, माझं लई बरं चाललंय.”

चांगदेवनं दारात उभ्या कुशाबाईकडं बघितलं. “मावशी, आठ दिस तरी पाठवा.”

“पाठवीन की. पर आत्ता न्हाई. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरची तारीख घेतलीय. ते एकदा झालं की न्या, चांगली म्हयनाभर ठेवा, खाऊपिऊ घाला.”

चांगदेव हात हलवत परत गेला. प्रगतीला त्याची कीव आली. तो अजून जुन्याच सासूला धरून बसला होता.

पुण्याला जायच्या दिवशी कुशाबाईनं आपलं ठेवणीतलं लुगडं सुनेला नेसायला दिलं. शिक्रापूरला सुदर्शन गाडीत चढला आणि प्रगतीशेजारी बसला. वाघोली येईपर्यंत तो तिचा हात हातात धरून होता. चारचौघांत असं त्यानं कधी केलं नव्हतं. प्रगतीनं मनाशी ठरवून टाकलं, आता माहेरची ओढ पुरे. माणसं उशिरा का होईना, आपली झाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फाईल चाळली. “कमरेसाठी रोज गोळ्या घ्यायचा ना तुम्ही?”

“घ्यायची. म्या बंद केल्या,” कुशाबाई पुढं सरसावली. “दिवाळीपासनं एक बी पोटात जाऊ दिली न्हाई. तोंडातली काढून टाकलीय. मशीन लावती मी तिला, रोजच्या रोज.”

“सासू असावी तर अशी!” बाई हसून म्हणाल्या.

प्रगतीनं मान खाली घातली. तिला वाटलं, आईनं आणि दादानं हे ऐकायला हवं होतं. सात वर्षं सोसलं, त्याचं चीज झालं.

मग बाईंनी कुशाबाईला आणि सुदर्शनला बाहेर बसायला सांगितलं. कुशाबाई जाता जाता सुनेच्या पाठीवरून हात फिरवून गेली. दार लागलं.

“रिपोर्ट सगळे उत्तम आहेत. गोळ्या वेळेवर थांबल्या, ते फार बरं झालं,” बाई खुर्ची पुढं ओढत म्हणाल्या. “आता एकच विचारते, आणि ते मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. नवऱ्याला किडनी तुम्ही राजीखुशीनं देताय ना?”