काळ्या वायरची गाठ

"बाबा, चला ना! हा खटारा कोण चोरणार आहे?"

"चोराची भीती नाही गं, आगीची आहे," हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये बॉनेटखाली डोकं घालून बाबा म्हणाले. "हिच्या वायरी तीस वर्षांच्या. उंदराने एखादी कुरतडली, तर उभ्या जागी पेटेल." दहा नंबरच्या पान्याने त्यांनी बॅटरीची काळी वायर सोडवली, चुकून परत टेकू नये म्हणून रुमालात गुंडाळून बाजूला बांधली आणि दम खात बॉनेट लावलं. आत त्यांची नुसती तपासणी होती. जेवायला घरी परतणार होतो. "लवकर, बाबा," मी म्हणाले, नेहमीसारखीच.

दुपारी त्यांचं हृदय थांबलं.

घरी आई जेवायची थांबली होती. मलाच तिला हे सांगायचं होतं, तेही फोनवर नाही. मी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फिरवली, पुन्हा पुन्हा. स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. "चल ना गं," मी गाडीला विनवलं. "निदान तू तरी."

मग वायर आठवली. बॉनेट उघडलं. निळ्या चौकटींचा रुमाल, त्याला बाबांची घट्ट गाठ. ती सोडवल्याशिवाय घरी जाता येणार नव्हतं, आणि सोडवली की त्यांच्या हातचं शेवटचं कामही पुसलं जाणार होतं.

जागेसाठी ताटकळलेल्या गाडीवाल्याने मागून हॉर्न दाबला. "ओ ताई, लवकर करा की!"

गाठीवर बोटं ठेवून मी मोठ्याने म्हणाले, "सावकाश करा, बाबा. मी थांबते."